तीन चाकांची सायकल

वस्तू हातात आली की ती आधी नाकाशी न्यायची. बघायची नंतर.

लाकडी फणी असो, भोपळ्याचा तुंबा असो, नाहीतर उंदरांनी कुरतडलेलं मासे धरायचं टोपलं असो, तिची पद्धत एकच. डोळे मिटून हुंगायची, जरा थांबायची आणि मग विचारायची, "हे कोणाचं, भाऊ?"

मी सांगायचो, "संस्थेचं."

"तसं नाई. कोणाचं?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या रजिस्टरात नव्हतं. वस्तू काय, कशाची, कोणत्या भागातली, किती इंच लांब, हे सगळं होतं. 'कोणाचं' असा रकानाच नव्हता. तुम्हीही एखाद्या संग्रहालयात काचेसमोर उभे राहिला असाल. आठवून बघा, हा प्रश्न तुम्हाला पडला होता का? मला तर तिथे काम करूनही पडला नव्हता.

आमचं संग्रहालय चंद्रपुरात, परकोटाच्या आतल्या बाजूला एका जुन्या इमारतीत होतं. चार खोल्या आणि मागे एक अंगण. लाकूड-बांबूच्या एका ठेकेदाराने एटापल्ली-भामरागडकडच्या गावांतून उभ्या आयुष्यात जमवलेल्या वस्तू त्याच्या मागे मुलांनी एका संस्थेला देऊन टाकल्या होत्या. जमवल्या म्हणजे कशा जमवल्या, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. दिवसाला पाच-सात माणसं यायची, त्यातली दोघं-तिघं बाहेरचं ऊन टाळायला. वीज केंद्राची राख आणि कोळशाची भुकटी रोज सकाळी सगळ्या काचांवर बसलेली असायची. ती पुसायला एक बाई हवी होती, म्हणून ती आली.

वय पंचविशीच्या आसपास असेल. अंगाने बारीक, डोळ्यांत कायम पिवळसर झाक, आणि थंडीच्या दिवसांत दोन्ही गुडघ्यांना फडकं बांधलेलं. तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही, म्हणून हे जेवढं आठवतं तेवढंच. भामरागडच्या पलीकडच्या एका माडिया गावची. आश्रमशाळेत दहावी झाली आणि नर्सिंगच्या कोर्सला चंद्रपूरला आली. तिथे रक्त तपासलं तेव्हा कळलं की तिला सिकल आहे. तो आजार आमच्याकडे घराघरांत आहे. सांधे धरतात, ताप येतो, माणूस महिना-महिना अंथरुणावर पडतो. हजेरी भरेना, कोर्स सुटला.

"नर्स व्हायले आली न् मीच पेशंट निघाली," असं ती सांगायची आणि आपणच हसायची. आपण हसावं की नाही हे समोरच्याला कळत नसे.

मी मूळचा फोटोवाला. गंज वॉर्डात माझा लहानसा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम आणि गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे मोठे फोटो, एवढ्यावर तो चालायचा. दोन हजार सालानंतर तो बसत गेला. नेमकं त्याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीने आमच्या संस्थेला मदत देऊ केली. सगळं संग्रहालय कॉम्प्युटरवर चढवायचं, प्रत्येक वस्तूचा चारही बाजूंनी फोटो काढायचा, माहिती लिहायची आणि इंटरनेटवर टाकायचं. मला त्यासाठी घेतलं. एक डिजिटल कॅमेरा, एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर. वर्षावर्षाची नेमणूक.

संस्थेचे संचालक निवृत्त प्राध्यापक होते. आम्ही त्यांना सर म्हणायचो. माणूस चांगला. धोतराला डाग पडू न देणारा आणि वाक्यात चूक राहू न देणारा. ते म्हणायचे, "अहो, आज आपल्याकडे सात माणसं येतात. उद्या लंडनचा माणूस घरबसल्या ही फणी बघेल. जंगलात लपलेला वारसा जगापुढे येईल." ते बोलताना माझ्याही अंगावर काटा यायचा. खोटं कशाला सांगू, कल्पना वाईट नव्हती असं मला आजही वाटतं.

काम सुरू झालं. मी पांढऱ्या कापडावर वस्तू ठेवायचो, दिवे लावायचो, फोटो घ्यायचो. ती वस्तू आणून द्यायची आणि परत नेऊन ठेवायची. एकदा एक लाकडी घंटा आली. पोकळ ठोकळा, आत दोन लाकडी लोलक. सरांनी जुन्या रजिस्टरावरून कागदावर लिहून दिलं होतं, 'मंगल वाद्य'. मी ते मोठ्याने वाचलं.

"वाद्य नाई हे," ती म्हणाली. "बैलाच्या गळ्यातलं हाय. बैल हरवला का ऐकू येते."

दुसऱ्या दिवशी 'विधीचा दंड' आला. तिने हुंगला. "मोहाची फुलं भाजून राह्यले का हलवायले लागते. माझ्या मायजवळ असाच हाय."

मी सरांच्या कानावर घातलं. आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी तिला बोलावून पंधरा-वीस वस्तू समोर ठेवल्या आणि एकेक विचारली. अर्ध्या तासाने ते खुश होऊन बाहेर आले. "हिला तुमच्याजवळ बसवा. ही सांगेल, तुम्ही टाइप करा, मी भाषा तपासतो."

अशी ती माझ्या शेजारच्या स्टुलावर आली. झाडू मात्र तिच्याकडेच राहिला.

ती सांगायची, 'बैल हरवला की ऐकायला'. सर ते सुधारून लिहायचे, 'पशुधनाचा माग काढण्यासाठीचे ध्वनिसाधन'. मी पडद्यावर वाचून दाखवलं की ती विचारायची, "हे तेच हाय का, भाऊ?"

"तेच आहे."

"मंग एवढं लांब काऊन?"

प्रत्येक पानाच्या तळाशी 'कलाकार' असा एक रकाना होता. जुन्या रजिस्टरात एकाही वस्तूपुढे बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. दर वेळी टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी एक युक्ती केली होती. नवीन पान उघडलं की त्या रकान्यात आपोआप 'अज्ञात' यायचं. हे करताना मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

महिनाभर ती ते बघत राहिली. एका दुपारी म्हणाली, "भाऊ, हा अज्ञात कोणत्या गावचा हाय?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"नाई, लई काम केलं त्यानं. फण्या त्यानंच केल्या, ढोल त्यानंच केला, टोपले बी त्यानंच विणले."

तोंडावर हसू नव्हतं. तिला शब्दाचा अर्थ माहीत होता, दहावी झालेली होती ती. मी हसून वेळ मारून नेली.

पहिली पन्नास पानं चढली त्या दिवशी मी तिला इंटरनेटवर दाखवली. तेव्हा टेलिफोनच्या तारेवर चित्र वरून खाली एकेक रेघ करत उतरायचं. तुंब्याचं तोंड दिसलं, मान दिसली, पोट अर्धं दिसलं आणि वीज गेली. साऱ्या महाराष्ट्राला वीज देणाऱ्या गावात भारनियमन ठरलेलं. आम्ही दोघं काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो.

"हे आता पुण्यामुंबईले दिसून राह्यलं?" तिने विचारलं.

"हो. सगळ्या जगाला."

"माझ्या मायले?"

मी उगाच माउस हलवून बघितला.

"गावात लाइट नाई, भाऊ. आधी लाइट पाठवा, मंग फोटो पाठवा," असं म्हणून ती झाडू घेऊन उठली.

मोठ्या वस्तू आम्ही शेवटी ठेवल्या होत्या. मागच्या खोलीत, फाटक्या ताडपत्रीखाली एक सागाचा खांब आडवा पडलेला होता. पाच हात लांब, खालचा भाग वाळवीने खाल्लेला. चौकीदाराने आणि मी तो उचलून अंगणात आणला आणि भिंतीला टेकवून उभा केला. त्यावर मासे कोरले होते, कासव होतं, हातात हात धरून नाचणाऱ्या बायांची ओळ होती, आणि वरच्या बाजूला तीन वर्तुळं. दोन मोठी, मध्ये एक लहान. सरांना हा खांब फार प्रिय होता. 'सूर्य, चंद्र आणि तारा' या नावाने त्यांनी त्यावर एक लेखही लिहिला होता, आदिवासींच्या खगोलदृष्टीवर.

ती ओलं फडकं घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. या वेळी तिने हुंगलं नाही. जवळ जाऊन खाली बसली. मग उठली, वर्तुळांवर बोट ठेवलं आणि मोजलं. एक, दोन, तीन. आणि एकदम हसायला लागली. पोट धरून हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हसणं थांबलं तरी ते येतच राहिलं.

"काऊन बाई, काय झालं?" मी विचारलं.

"सायकल हाय हे, भाऊ."

मग तिने जे सांगितलं ते असं. तिच्या बापाचा बाप, ती त्याला तादो म्हणायची, त्याचं नाव पुसू. गावाच्या गोटुलाचे, म्हणजे पोरापोरींच्या एकत्र जमायच्या घराचे, खांब त्याने कोरले होते. तो तरुण असताना जंगल खात्याचा एक माणूस गावात सायकल घेऊन आला. त्या गावाने सायकल पहिल्यांदाच पाहिली. माणूस अर्धा दिवस थांबला आणि निघून गेला. पुसूने ती आठवून खांबावर कोरली, तीन चाकांची. गावात वाद झाला. लोक म्हणाले चाकं दोनच होती. पुसू म्हणाला तीन. "एक समोर, एक मागं, न् एक मधात. पाय फिरवते ते चाक तुमाले दिसलं नाई काय?"

मी खांबाकडे पाहिलं. मधलं वर्तुळ लहान होतं आणि त्याच्या कडेला बारीक दाते कोरलेले होते. सायकलचं चेनचाक. ते दाते मी पाहिले होते, सरांनी तर वर्षानुवर्षं पाहिले होते. आम्ही त्यांना ताऱ्याची किरणं समजत होतो.

"लोक मरेपर्यंत त्याले हसले," ती म्हणाली. "आजबी कोणी चुकला का म्हणते, तीन चाकाचा. पन तादो बरोबर होता. मी चंद्रपूरले आली न् पहिल्यांदा सायकल नीट पाह्यली, तवा मले समजलं. गावात जाऊन सांगतलं बी मी."

"आणि खांब इथे कसा आला?"

"बांबूचा ट्रक आला होता ठेकेदाराचा. माय सांगते, नवीनच लग्न होऊन आली होती ती. खांबाच्या बदल्यात मीठ दिलं म्हणते कोणी. कोणी म्हणते तेबी नाई दिलं."

त्या दिवशी तिने काम केलं नाही. अंगणात खांबाशेजारी बसून राहिली. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊ, नाव तरी लिहा."

सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. राग आला असेल तर दिसू दिला नाही. "पुसू?" ते म्हणाले. "काय पुसू?" मग स्वतःच्याच विनोदावर जरा हसले आणि लगेच गंभीर झाले. "हे बघ, तुझ्यावर माझा अविश्वास नाही. पण ही ऐकीव गोष्ट झाली."

"गावात सगळ्यांले माहीत हाय, सर."

"सगळ्यांना माहीत असणं आणि पुरावा असणं यात फरक आहे, बाळ. जगापुढे जाणार आहे हे. लेखी काहीतरी आण."

तिने दुसऱ्याच दिवशी आलापल्लीची गाडी धरली. पाच दिवसांची सुटी घेतली होती, बाराव्या दिवशी परत आली. पाय सुजलेले, अंगात ताप. पण प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून एक कागद आणला होता. आश्रमशाळेच्या गुरुजींनी लिहून दिलेला. 'सदर खांब आमच्या गावच्या गोटुलाचा असून तो पुसूने कोरला आहे.' खाली गावच्या पाटलाचा अंगठा आणि त्याखाली निळ्या शाईतले अंगठेच अंगठे, प्रत्येकापुढे गुरुजींच्या अक्षरात नाव.

त्या भागातून नावांची यादी आणि अंगठे असलेला कागद घेऊन प्रवास करणं ही साधी गोष्ट नव्हती, विशेषतः त्या वर्षांत. जंगलातले विचारत, ही यादी कोणासाठी. रस्त्यावर तपासणी करणारे विचारत, ही यादी कोणाची. तिला वाटेत गाडीतून उतरवून दुपारभर बसवून ठेवलं होतं.

"काय सांगितलंस मग?"

"सायकलची गोष्ट सांगतली. तीनदा सांगाले लावली. तिसऱ्यांदा साहेब हसला, न् सोडलं."

सरांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली. "बरं केलंस. पण पानं आता मुंबईला गेली आहेत, उद्घाटन तोंडावर आहे. ते होऊ दे. मग बघू."

ती माझ्याकडे आली. "मशीन तर तुमच्याजवळ हाय, भाऊ."

मशीन माझ्याजवळ होतं. पासवर्डही माझ्याजवळ होता. मुंबईला पानं गेली असली तरी मजकूर इथूनच बदलता येत होता. दोन मिनिटांचं काम होतं. हे तिला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. माझी नेमणूक त्या महिन्यात संपणार होती, पुढच्या वर्षाचा कागद सरांच्या टेबलावर पडून होता आणि माझी मुलगी बारावीला होती.

"सरांनी सांगितल्याशिवाय मला करता येत नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता, हे त्यातलं वाईट.

उद्घाटन गावातल्या एका सभागृहात झालं. पाहुणे आले, हार झाले, दीप लावला गेला. पांढऱ्या पडद्यावर आमचं संग्रहालय उमटलं आणि टाळ्या पडल्या. मी प्रोजेक्टरजवळ बसून होतो, हात माउसवर. ती नवीन हिरवं लुगडं नेसून आली होती आणि सगळ्यात मागे, चहाच्या टेबलाजवळ खुर्चीवर बसली होती. सरांनी सुरुवातच खांबापासून केली. पडद्यावर तो माणसाच्या तिप्पट उंच दिसत होता. ते सूर्यावर बोलले, चंद्रावर बोलले, ताऱ्यावर बोलले. खाली ठळक अक्षरांत होतं, कलाकार : अज्ञात.

"अज्ञात नाई," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण सभागृहात शांतता होती म्हणून शेवटपर्यंत पोचला.

"अज्ञात नाई. पुसू. माझा तादो होता. सायकल हाय ते."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याला वाटलं की हा कार्यक्रमाचाच भाग आहे, खुद्द आदिवासी मुलीचं मनोगत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं पाहून सगळ्यांनी वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी माउस दाबला. खांब गेला, फणी आली.

ती काही वेळ तशीच उभी राहिली. मग बसली. चहाच्या वेळी मी शोधलं तर खुर्ची रिकामी होती.

तिला कुणी काढलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. काम संपलं होतं, एवढंच. पानं झाली होती आणि काचा पुसायला चौकीदाराची बायको पुरेशी होती. मला माझा कागद मिळाला.

मृगाच्या आधी ती माझ्या घरी आली. गावाला चालली होती. माझ्या बायकोने पोहे केले. तिने थोडे खाल्ले. हात कोपरापासून सुजलेला दिसत होता. निघताना पिशवीतून तो अंगठ्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला.

"तुमच्याजवळ ठेवा, भाऊ. माझ्याजवळ भिजंल."

"परत कधी येशील?"

"पावसाळा गेला का. सरांनी बघू म्हणलं ना."

मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो. आलापल्लीच्या गाडीत गर्दी होती. एका म्हाताऱ्याने सरकून तिला जागा दिली. तिने खिडकीतून हात जोडले, "जोहार, भाऊ." मीही जोहार म्हणालो. तोवर हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता, म्हणून तो तोंडात नीट बसला नाही.

पोळ्यानंतर आश्रमशाळेचे ते गुरुजी कामासाठी चंद्रपूरला आले होते. पत्ता शोधत संग्रहालयात आले. दारातच म्हणाले, "ती गेली. तुम्हाला सांगा म्हणून तिच्या घरच्यांनी सांगितलं होतं."

श्रावणात तिला ताप भरला आणि सांधे धरले. गावातल्या चौघांनी तिला खाटेवर घालून नदीपर्यंत आणलं. नदीला पूर होता आणि दवाखाना पलीकडे. पुरात नाव लोटायला कुणी धजेना. दोन दिवस ते काठावर पाणी उतरायची वाट बघत बसले. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं.

गुरुजी एवढं सांगून उठले. त्यांची गाडी होती.

मी कॉम्प्युटर लावला. खांबाचं पान उघडलं. 'अज्ञात' खोडलं आणि 'पुसू' लिहिलं. विषयाच्या रकान्यातून सूर्य, चंद्र, तारा काढले आणि 'सायकल' लिहिलं. घड्याळ बघितलं नाही, पण दोन मिनिटंही लागली नसतील. मग तिथेच बसून राहिलो. चौकीदार कुलूप लावायला आला तेव्हा उठलो.

आठवड्याने सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला खोलीत बोलावलं. मी बोलणी खायच्या तयारीने गेलो. त्यांनी तिचं विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "राहू द्या ते." आणि थोड्या वेळाने, "दाते मी लेखात किरण म्हणून मोजलेत हो. चौदा." तो लेख त्यांनी नंतर कुणाला वाचायला दिल्याचं मला आठवत नाही.

पुढे कंपनीची मदत थांबली. दोन वर्षांत ती वेबसाइट बंद पडली. आता नाव टाकलं तर पान सापडत नाही, अशी इंग्रजीत एक ओळ येते. तेवढ्या काळात पुसूचं नाव कुणी वाचलं का, लंडनमध्ये किंवा इथे जवळच्या वरोऱ्यात, हे मला कधी कळलं नाही. संस्थेनेही इमारत सोडली, वस्तू खोक्यांत बांधून नागपूरच्या कुठल्याशा गोदामात गेल्या. खांब खोक्यात मावला नाही. तो ट्रकवर वेगळा बांधून नेला, एवढं चौकीदाराने सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. तिच्या मागे जो पहिला हिवाळा आला, त्या हिवाळ्यात मी तिच्या गावाला गेलो होतो. खांबाचा मोठा फोटो काढून घेतला होता, वर्तमानपत्राच्या पानाएवढा. गुरुजी सोबत होते. नदी तेव्हा गुडघाभर होती, चपला हातात घेऊन आम्ही चालत ओलांडली. पलीकडून दीड-दोन तास पायवाट.

तिची माय अंगणात धान पाखडत होती. तिला मराठी येत नव्हती. मी फोटो उलगडून समोर धरला. तिने हात पुसले, फोटो घेतला, उन्हात नेऊन बघितला आणि आवाज देऊन शेजारच्यांना बोलावलं. पाहता पाहता पंधरा-वीस माणसं जमली. एका म्हाताऱ्याने वर्तुळांवर बोट ठेवून मोजलं आणि सगळे हसले. माय पण हसली. मग तिने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

मी गुरुजींकडे वळलो.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"ती विचारते, खांब कधी आणता."

मला समजलं नाही. गुरुजींनी हळूच समजावलं, "पोरीने घरी सांगितलं होतं, खांब सापडला आहे, मी तिथेच कामाला आहे, खांब घेऊनच येईन. अंगठे लोकांनी त्यासाठीच दिले. मला लिहायला सांगितलं तेवढं मी लिहिलं. लोकांना वाटलं, अर्ज आहे."

माझ्याकडे तिने फक्त नाव मागितलं होतं. 'नाव तरी' म्हणाली होती. खांब मागायची तिला माझ्याजवळ हिंमत झाली नाही, किंवा मागून उपयोग नाही हे तिला कळलं असावं. आणि तेवढंही मी तिच्या डोळ्यांदेखत दिलं नव्हतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "बघतो." गुरुजींनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मायने मान डोलावली, फोटोची गुंडाळी केली आणि घराच्या आत ठेवून आली. मला त्यांनी आंबील दिली, भात दिला, सुकी मासळी दिली. जेवताना कुणी काही विचारलं नाही.

निघताना तिचा भाऊ आम्हाला गावाबाहेर घेऊन गेला. तिथे मोहाच्या झाडांखाली उभ्या दगडांची लांब रांग होती. गावात माणूस गेला की त्याच्यासाठी दगड उभा करतात. काही पुरुषभर उंच, काही गुडघ्याएवढे, कशावरच अक्षर नाही. तो एका दगडापाशी थांबला. त्याच्या बुडाशी माती अजून सैल होती.

"हा तिचा," तो म्हणाला.

"आणि बाकीचे? कळतं कोणाचा कोणता?"

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "आमाले माहीत हाय ना," तो म्हणाला आणि हात पुढे करून एकेक दाखवत गेला. हा काकाचा, हा पाटलाच्या आईचा, तो मोठा पुसूचा, पलीकडचा पुसूच्या बापाचा. कुठे अडखळला नाही. रांगेच्या टोकापर्यंत सांगत गेला. तिथून पुढे फक्त जंगल होतं.

मी तिच्या दगडाजवळ थोडा वेळ उभा राहिलो. हात जोडले. मग गुरुजी म्हणाले, ऊन उतरतंय, निघायला हवं. आम्ही पायवाटेला लागलो. वळणावर मी थांबून एकदा मागे पाहिलं. दगड सगळे दिसत होते, सावल्या लांब पडल्या होत्या. तिचा त्यातला कोणता, ते मला ओळखता येईना.